बिना चाक

खडूचे चार मोठे खोके शाळेच्या ऑफिसात येऊन पडले, त्या दिवशी मला माझ्या हुशारीचा पहिला दाखला मिळाला.

झालं होतं असं. भोपाळच्या बरखेड्यातल्या आमच्या शाळेला कौशल्य विषयांची माहिती वर पाठवायची होती. ऑनलाइन फॉर्म, हिंदीतून, आणि भरणारा मी. म्हणजे पांढुर्ण्याला अर्धं मराठीतून आणि अर्धं हिंदीतून शिकलेला, त्यामुळे दोन्ही भाषांत सारख्याच आत्मविश्वासानं चुकणारा संगणक ऑपरेटर. मातीकामाच्या वर्गापुढं ‘पद्धत’ असा रकाना होता. व्हरांड्यातून सिंधूकाकू चालल्या होत्या. त्यांना हाक मारून विचारलं, तुमच्या वर्गाला काय काय लागतं? त्या न थांबता म्हणाल्या, माती, पाणी नि हात. चाक नाही लागत. मी टाइप केलं, ‘बिना चाक’.

हिंदीत कुंभार फिरवतो तेही चाक आणि मास्तर फळ्यावर झिजवतो तेही चाक. भोपाळात राहून हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला डोक्यात मराठी चालू होतं. वर बसलेल्या कुणा दयाळू माणसानं वाचलं, की एक शिक्षिका बिचारी खडूशिवाय शिकवते आहे, आणि महिन्याच्या आत त्यानं चार खोके रवाना केले.

शाळा आठवडाभर हसली. प्राचार्या अपर्णा मॅडमनी मला खुलाशाचं पत्र लिहायला बसवलं. मी एकेक शब्द पारखून लिहिलं, ‘यहाँ चाक से आशय कुम्हार के चाक से है, जो इस कक्षा में उपलब्ध नहीं है.’ लिहायचं होतं ‘आवश्यक नहीं’. पण ऑफिसातल्या बोटांना ‘उपलब्ध नहीं’चं वळण असतं, ती आपोआप तिकडं गेली.

पहिली चूक हसण्यावारी गेली. दुसरीला कुणी हसलं नाही, कारण ती कळायला तीन महिने लागले. आता मी बाजूला होतो. गोष्ट सिंधूकाकूंची आहे.

सिंधूकाकूंचं माहेर भंडाऱ्याकडचं, कुंभाराचं. घरात चाक एक, आणि ते बापाचं. माती खणून आणायची आईनं. चाळायची, भिजवायची, तुडवायची पोरींनी. मळून, खडे वेचून, गोळे करून चाकाशेजारी रचायचे पुन्हा आईनं. मग बाप अंघोळ करून यायचा, चाकाला हात जोडायचा आणि बसायचा. मडकं चाकावरून उतरलं, की ते परत बायकांकडं. थापटून बूड भरायचं, घोटून गुळगुळीत करायचं, वाळवायचं, भाजायला आवा रचायचा, आणि डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. या सगळ्याला त्या घरात ‘हातभार’ म्हणत. मधल्या त्या चार मिनिटांना ‘कुंभारकाम’.

चाकाला बाईनं शिवायचं नसतं. का, हे विचारायची पद्धत नव्हती. सिंधू नऊ वर्षांची असताना बाप एकदा दुसऱ्या गावी लग्नाला गेला, आणि तिनं दुपारच्या सामसुमीत काठी घालून चाक फिरवलं. वर माती नव्हती. रिकामं चाक फिरताना कसा आवाज करतं, एवढंच तिला ऐकायचं होतं. धाकट्या भावानं इमानेइतबारे चुगली केली. बापानं मारलं नाही. त्यानं चाक धुतलं, हळदकुंकू वाहिलं, आणि तीन दिवस कामाला बसला नाही. ते तीन दिवस घरातलं कुणी सिंधूशी बोललं नाही. मार परवडला असता, असं काकू अजून म्हणतात.

त्याच घरात एक विधवा आत्या होती. रांजण तिच्याकडं. रांजण चाकावर मावत नाही, म्हणून तो बाईनं केला तर चालत असे. धर्माचं असं सोयीनं जमतं. मातीच्या जाड वळ्या करायच्या, एकीवर एक चढवायच्या, आतून हातात गुळगुळीत दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत भिंत वर न्यायची. रांजण ओला असतो, जागचा हलवता येत नाही. तेव्हा आत्याच त्याच्याभोवती फिरायची, वाकून, उलटी पावलं टाकत, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. सिंधू तिच्या मागं वळ्या घेऊन फिरायची.

"चाक कायले पायजे?" आत्या म्हणायची. "इथं बाईच फिरते."

आणि हसायची. त्या हसण्यात काय कडू होतं ते सिंधूला फार उशिरा कळलं. तोवर ती स्वतः तसंच हसायला लागली होती.

लग्न झालं आणि सिंधू भोपाळला आली. नवरा दत्तू, मोठ्या कारखान्यात हेल्पर. नऊ वर्षांनी टर्नर झाला. लेथवर फिरणाऱ्या लोखंडाला पातं लावून रिटायर होईपर्यंत त्याचं आयुष्य गेलं. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये शेजारी पुण्याचे, नागपूरचे, सगळे पांढरपेशे. कुणी माहेरचं विचारलं तर सिंधू सांगायची, शेती आहे. पंचवीस वर्षं तिनं कुंडीतल्या तुळशीपलीकडं मातीला हात लावला नाही.

मग अकरा वर्षांपूर्वी शाळेत ‘ग्रामीण जीवन’ असं प्रदर्शन भरलं. बैलगाडी पुठ्ठ्याची झाली, विहीर थर्माकोलची झाली, चूल काही केल्या होईना. शाळेत डबे आणणाऱ्या आयांमध्ये कुजबूज झाली आणि सिंधूकाकूंना बोलावलं गेलं. त्यांनी दोन तासांत चूल घातली. उरलेल्या मातीचा गुडघ्याएवढा रांजण उठवायला घेतला, आणि मुलं पुठ्ठ्याचे बैल सोडून त्यांच्याभोवती जमा झाली. तेव्हाच्या प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की आठवड्यातून चार तास याल का.

शाळेनं त्यांना ओळखपत्र दिलं. निळ्या फितीचं, वर फोटो, खाली नाव, आणि नावाखाली एक शब्द: शिक्षिका. चौथी शिकलेल्या बाईच्या गळ्यात हा शब्द आला. त्या भाजी आणायला जाताना कार्ड घालून जायच्या. दत्तूकाका म्हणायचे, "अहो शिक्षिका, मेथी तरी निवडा." त्या मेथी निवडायच्या, कार्ड काढायच्या नाहीत.

काकूंचा वर्ग पाहण्यासारखा असे. बाकं भिंतीला लावलेली. जमिनीवर विटा, प्रत्येक विटेवर मातीचा गोळा, आणि प्रत्येक विटेभोवती उलट पावलांनी फिरणारी दोन-दोन पोरं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, शाळेत विटांची नवी देवस्थानं निघाली. बसून काम करायची मनाई. काकू म्हणायच्या, "भांड्याले फिरवू नका, तुम्ही फिरा. त्याले चक्कर येते." पोरं हसायची आणि फिरायची. सातवीतली शमिका नावाची एक हट्टी पोरगी होती, ती तर डबा खातानाही विटेभोवती फिरत खायची.

नियम एकच. माती कुणाची नसते, उसनी असते. काकूंनी रायसेन रस्त्यापलीकडच्या एका तळ्याकाठून पहिल्या वर्षी माती आणली, ती अकरा वर्षं ड्रममध्ये भिजतच होती. जितकी घ्याल तितकी परत आणायची. भांडं फुटलं, बिघडलं, मनासारखं झालं नाही, तर कुटून, भिजवून ड्रममध्ये घालायची. आवडलं आणि भाजायला ठेवलं, तर तेवढी नवी माती खणून आणायची. जुनी माती जितकी मुरते तितकी शहाणी होते, असं त्यांचं म्हणणं. मीही गेल्या गणपतीला त्यांच्याकडून नारळाएवढा गोळा नेला होता, खोलीवर छोटी मूर्ती करायला. विसर्जन बादलीत करायचं आणि माती परत आणून द्यायची, असं ठरलं होतं. त्याबद्दल पुढं.

तर, माझ्या पत्रानंतर तीन महिन्यांनी डिसेंबरात एक टेम्पो आला. त्यातून विजेवर चालणारं चाक उतरलं, पांढरंशुभ्र, प्लास्टिकच्या वेष्टनात. सोबत चिठ्ठी, की शाळेच्या मागणीनुसार. सोबत एक अटही होती. जानेवारीत तपासणी होईल. चाक वापरात दिसलं पाहिजे आणि चाक चालवून दाखवू शकेल अशी व्यक्ती वर्गावर हवी. नसेल तर तो वर्ग यादीतून कमी करण्यात येईल.

अपर्णा मॅडमनी काकूंना बोलावलं. मॅडम पुण्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमागून इकडं आलेल्या, मनानं चांगल्या. त्यांनी दोन वेळा चहा मागवला, यावरूनच बोलणं अवघड आहे हे ऑफिसला कळलं. काकू म्हणाल्या, माझ्या पोरांना चाक लागत नाही. मॅडम म्हणाल्या, "पोरांना नाही लागत, सिंधूताई. फॉर्मला लागतं." मग समजूत घातली. एक दिवस बसा, एवढीशी वाटी करून दाखवा, साहेबांनी सही केली की चाकावर कापड टाका आणि तुमचं तुम्ही चालू ठेवा. मी शेजारच्या टेबलावर मान खाली घालून प्रिंटरचा कागद नीट करत होतो. तो नीटच होता.

शिकवायला कोण, हा प्रश्न होता. चाक पुरवणाऱ्यांनी महिन्याभरासाठी एक प्रशिक्षक पाठवला. तो गेटमधून आत आला आणि काकूंच्या चेहऱ्यावरचं सगळं सावट उतरलं. गौरांग! याच वसाहतीतला, काकूंच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातला. पाचवीत असताना त्याला पेन्सिल नीट धरता येत नसे. अक्षर पाहून मास्तर वही फेकायचे. काकूंनी त्याच्या एका हातात दगड दिला, दुसऱ्यात थापटणं, आणि स्वतः त्याच्या मागं उभं राहून, त्याचे दोन्ही हात धरून त्याला विटेभोवती महिनाभर फिरवलं. पुढं त्याची बोटं सुधारली. आता तो बावीस वर्षांचा, दाढी राखलेला, चाकाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला, सर्टिफिकेटवाला. त्यानं वाकून नमस्कार केला. काकूंना वाटलं, देवानं परकं माणूस धाडलं नाही. घरी जाऊन त्यांनी दत्तूकाकांना तसं सांगितलंसुद्धा.

शाळा सुटल्यावर रोज तासभर शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी काकूंनी हात दोनदा धुतले. मग चाकापुढं बसताना एकदा दाराकडं, एकदा खिडकीकडं पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गळ्यात शिक्षिका लिहिलेलं कार्ड, आणि धाकटा भाऊ कुठं उभा नाही ना म्हणून पाहत होती. गौरांगनं बटण दाबलं. आवाज अगदीच वेगळा होता, पंख्यासारखा. पण काकू थोडा वेळ काही न करता तो ऐकत राहिल्या.

माती काही ऐकेना. हात आपोआप फिरायला लागायचे, आणि फिरत्या मातीवर फिरते हात म्हणजे चिखल भिंतीवर. गौरांग सांगायचा, "काकू, हात थांबवा. माती येते तुमच्याकडं. तुम्ही जाऊ नका."

लहानपणापासूनची सवय अशी थांबत नसते. पाचव्या दिवशी काकूंचे खांदे भरून आले, साडीवर, चष्म्यावर, कार्डावर माती. सहाव्या दिवशी मात्र गोळा डगमगायचा थांबला. मधोमध बसला. फिरतोय की उभा आहे हे कळू नये इतका शांत. काकूंनी अंगठा आत घातला आणि माती आपणहून उघडली. घरी गेल्यावर त्यांनी दत्तूकाकांना जे सांगितलं, ते काकांनी पुढं सगळ्या वसाहतीला ऐकवलं. "मले आवडलं जी," त्या म्हणाल्या होत्या. "म्हणून तर देत नव्हते हात लावू." काका म्हणाले, चला, आता घरात दोन टर्नर.

तपासणी मंगळवारी ठरली. वर्गाच्या कोपऱ्यात तेव्हा पोरांचा मोठा रांजण उभा होता. शमिका आणि तिच्या टोळीनं दिवाळीपासून रोज दोन-तीन वळ्या चढवत तो कमरेइतका वर नेला होता. गळा व्हायचा बाकी होता. खालचा भाग कडक, वरचा ओला, त्यावर ओलं फडकं. तपासणीत साहेबांना तो दाखवायचा, असा पोरांचा बेत होता.

साहेब आले. चांगले होते, हसतमुख होते. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत साहेब दुष्ट असला की आपल्याला बरं वाटतं. सोबत फोटो काढणारा होता. त्यानं चाकाकडं मोबाइल धरला आणि म्हणाला, पीछे वो मटका आ रहा है, हटवा दीजिए.

काकू म्हणाल्या, गीला है. एवढंच. शमिका म्हणाली, सर, इसको हिलाते नहीं हैं. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. अपर्णा मॅडमनी शिपायाकडं पाहिलं. शिपाई पुढं झाला, त्यानं एका बाजूनं रांजण धरला आणि दुसऱ्या बाजूला कुणी आहे का म्हणून नजर फिरवली. दुसऱ्या बाजूला गौरांग उभा होता. ओला रांजण जागचा हलवत नाहीत, हे त्या खोलीत काकूंच्या खालोखाल कुणाला ठाऊक असेल तर त्याला. त्यानं क्षणभर काकूंकडं पाहिलं. मग वाकून दुसरी बाजू धरली.

चार पावलंच न्यायचा होता. ठेवताना वरच्या वळ्या एका अंगाला बसल्या आणि पोटावर वीतभर तडा गेला. आवाजही झाला नाही. शमिका उलट्या पावलांनी दोन फेऱ्या त्याच्याभोवती फिरली, सवयीनं, आणि मग भिंतीला टेकून उभी राहिली.

फोटोतली जागा मोकळी झाली होती. साहेब म्हणाले, हाँ मैडम, दिखाइए. काकू बसल्या. आता वाटतं, त्यांनी तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण असं वाटायला मला पगार मिळतो आणि त्यांना वर्ग वाचवायचा होता. त्यांनी वाटी केली. सुरेख झाली. काठ किंचित वाकडा, पण वाटी होती आणि चाकावर झालेली होती. साहेबांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मॅडमनी सुटकेचा निःश्वास सोडला. काकूंनी पोरांकडं पाहिलं. पोरं रांजणाकडं पाहत होती.

मग मी लॅपटॉप घेऊन पुढं झालो. प्रशिक्षकाची माहिती भरायची होती. साहेबांनी आधी गौरांगला विचारलं, "आपने किससे सीखा?"

काकूंचे हात कोपरापर्यंत मातीत होते. त्यांनी ते तसेच हवेत धरले होते, आणि त्या गौरांगकडं पाहत होत्या, जसं परीक्षेत पोराला उत्तर येणार हे ठाऊक असताना बाई पाहते. गौरांगनं संस्थेचं नाव सांगितलं. कोर्सचा कालावधी सांगितला. सर्टिफिकेटचा नंबर त्याला पाठ होता. मी टाइप केलं.

"और आपने?" साहेबांनी काकूंना विचारलं.

"आत्या से."

"बुआ से," मी भाषांतर केलं. भाषांतराची मला हौसच.

"वो किस संस्था में थीं?"

साहेब चेष्टा करत नव्हते. फॉर्ममध्ये तसा रकाना होता आणि तो रिकामा सोडला तर पान पुढं सरकत नव्हतं. काकू हातावरची माती निरपू लागल्या. मग जिथं काहीच नसतं तिथं ऑफिसात जो शब्द लिहितात, तो मी लिहिला: ‘निरंक’. पान पुढं सरकलं.

दोन आठवड्यांनी आदेश आला. वर्ग यादीत कायम. प्रशिक्षक गौरांग. सिंधूकाकूंच्या दीर्घ अनुभवाचा विचार करून त्यांना सहायिका म्हणून ठेवण्यात येत आहे. काम: मिट्टी तैयार करना, कक्षा की सफ़ाई, अन्य. अपर्णा मॅडमनी तो कागद स्वतः वाचून दाखवला आणि म्हणाल्या, निदान वर्ग तरी वाचला, सिंधूताई. खरंच वाचला होता. नवीन ओळखपत्र छापायचं काम माझं. फीत निळीच ठेवली. फोटोही तोच.

घरी दत्तूकाकांनी ते कार्ड उजेडात धरून वाचलं. ते एरवी चेष्टेशिवाय बोलत नाहीत. त्या दिवशीही चेष्टाच केली, फक्त हसले नाहीत.

"मले हेल्परचा टर्नर व्हायले नऊ वर्षं लागली," ते म्हणाले. "तू एका सकाळीत टर्नरची हेल्पर झालीस."

काकू सोमवारी कामावर आल्या. सगळ्यांना वाटलं, बाईनं मनावर घेतलं नाही. त्यांनी ड्रममधून माती काढली, पसरली, खडे वेचले, तुडवली, मळली. गोळे केले, एका मापाचे, आणि चाकाच्या उजव्या हाताला रचून ठेवले. विटा कुणीतरी आधीच उचलून मैदानात नेल्या होत्या. पोरं बाकांवर बसून होती, एकेकाचा नंबर लागणार होता. तडा गेलेला रांजण शिपायानं सुट्टीच्या दिवशी बाहेर टाकला होता, म्हणजे त्याची माती ड्रममध्ये परत आलीच नाही.

गौरांग आला. नीट अंघोळ केलेला, स्वच्छ कुडता. कोर्समध्ये शिकवलं असेल किंवा कुठल्या व्हिडिओत पाहिलं असेल, त्यानं चाकापुढं उभं राहून हात जोडले, डोळे मिटले. मग बसला, आणि न पाहता उजवा हात गोळ्याकडं नेला. गोळा हाताला आला. जिथं असायचा तिथंच होता.

काकू भिंतीशी उभ्या राहून पाहत होत्या. एवढी वाट चालून, एवढं अंतर तोडून, कारखान्याच्या गावात येऊन, शिक्षिका होऊन, त्या बरोबर आईच्या जागेवर येऊन उभ्या होत्या. आईचा पदर जिथं खोचलेला असायचा तिथंच त्यांचा पदर होता. आत्या असती तर हसली असती. आमच्याकडं म्हणतात, कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच. या तर लेक होत्या.

त्यांनी तास पूर्ण केला. जमिनीवरचा चिखल पुसला. पोरं गेल्यावर गौरांग त्यांच्या जवळ आला. कुडत्याच्या बाहीवरची माती खरवडत उभा राहिला.

"काकू, मी काय करणार होतो?" तो म्हणाला.

"काई नाही," काकू म्हणाल्या. "उद्याची मळून ठेवली आहे. ओलं फडकं टाक, नाहीतर वाळेल."

नंतर त्या ऑफिसात आल्या. माझ्या टेबलावर त्यांनी दोन्ही कार्डं ठेवली, जुनं आणि नवं, एकावर एक. जुन्याच्या प्लास्टिकमध्ये माती शिरलेली होती. मग विचारलं, "अंबरीश, ते ड्रम शाळेचे झाले का रे?"

झाले होते. तपासणीच्या आधी साहित्याच्या यादीत मीच चढवले होते. ड्रम, दोन नग, मिट्टी सहित. गेटमधून बाहेर न्यायचे तर मॅडमची परवानगी, वरची परवानगी, आणि ते सगळं लिहिणारा पुन्हा मीच. मी त्यांना ते समजावून सांगायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. अकरा वर्षांची मुरलेली माती त्यांनी तिथल्या तिथं सोडून दिली, तोंडही वाकडं केलं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पण नारळाएवढी तुझ्याकडं आहे. ती शाळेची नाही."

मी म्हटलं, आणून देतो काकू, या रविवारीच.

"शाळेत नको आणू. घरी आण."

त्या गेटपर्यंत गेल्या. वॉचमननं सवयीनं नमस्ते मॅडम म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि रायसेन रोडच्या दिशेनं निघाल्या. दत्तूकाका रिटायर झाल्यापासून ते दोघं आनंद नगरला राहतात, माझ्या खोलीपासून चौथ्या गल्लीत.

याला आता सात रविवार झाले. गौरांगचा वर्ग बरा चालला आहे. पोरांचा चाकावर नंबर महिन्यातून एकदा येतो, आणि शमिकानं विषय बदलून संगीत घेतलं. खडूचे तीन खोके अजून कपाटात आहेत. माझी बादली गॅलरीत आहे. गणपती विरघळून तळाशी बसला, वरचं पाणी उडून गेलं, आणि मातीला बादलीचा आकार येऊन ती भेगाळली. पाणी घालून मऊ केली, की फडक्यात बांधून चार गल्ल्या चालत जायचं, इतकंच काम आहे. रोज सकाळी मी त्यासाठी मगभर पाणी घेऊन गॅलरीत जातो, आणि बादलीशेजारच्या तुळशीला घालून परत येतो.